पंखा बंद करून

ओमाहातल्या त्या तळघरात मी पहिल्यांदा उतरले ती शिडी मागायला. जुलै महिना होता. नेब्रास्कातला जुलै कोरडा असतो असं मला कुणीतरी सांगितलं होतं, ते साफ खोटं निघालं. मक्याच्या शेतांवरून येणाऱ्या दमट हवेनं जीव नकोसा झाला होता. खाली टेबलफॅन घरघरत होता आणि शेजारचे आजोबा लाकडी बाकापाशी पाठमोरे बसले होते. आमची मुलं त्यांना ग्रॅम्पा म्हणत, म्हणून आम्हीही ग्रॅम्पाच म्हणायचो. त्यांनी मान न वळवता एक बोट वर केलं. थांब. मग हात लांब करून पंखा बंद केला, पाती पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली आणि तेव्हा कुठे समोरच्या छोट्या तराजूवरचं झाकण उचललं.

मी जिन्यातच उभी राहिले. हे सगळं मी पाहिलेलं होतं. कोल्हापुरात, सराफांच्या गुजरीत, माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या आठ फुटी दुकानात. एप्रिलच्या दुपारी गिऱ्हाईक घामानं निथळत असायचं आणि आबा पंखा बंद करून काचेच्या पेटीतला काटा उघडायचे. कुणी हातातल्या पेपरनं वारा घ्यायला लागलं तर म्हणायचे, "वारा घालू नका मालक, सोनं उडतंय." वजन चालू असताना ते कुणाच्या नमस्कारालाही उत्तर देत नसत. गल्लीत त्यांची ख्याती शिष्ट म्हणून होती.

ग्रॅम्पा सोनं तोलत नव्हते. ते बंदुकीची दारू तोलत होते. वापरून झालेल्या काडतुसाच्या पुंगळ्या पुन्हा भरायचा त्यांना छंद होता. तिकडे त्याला रीलोडिंग म्हणतात, आणि स्वतःपुरतं करणाऱ्याला त्यासाठी केंद्राचा परवाना लागत नाही. त्या रात्री मी आईला फोनवर सांगितलं, शेजारचे आजोबा तळघरात बसून दारू मोजतात. पुढची दहा मिनिटं तिची समजूत घालण्यात गेली.

आबांना मात्र लगेच कळलं. त्यांनी विचारलं, "माप काय?" मी म्हटलं, ग्रेन. म्हणजे जवाचा दाणा. एका पौंडाला ७,००० दाणे. मग आम्ही दोघांनी फोनवरच हिशेब केला. तोळ्याचे ग्रेन १८०, तोळ्याच्या गुंजा ९६, म्हणजे गुंजेला दोन ग्रेनला थोडं कमी. ग्रॅम्पांचा काटा ग्रेनचा दहावा भाग दाखवायचा, म्हणजे गुंजेचा जवळजवळ एकोणिसावा हिस्सा. आबा जरा वेळ गप्प राहिले. "माणूस बरा दिसतोय," म्हणाले. न पाहिलेल्या माणसाला त्यांच्याकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळालेलं मला आठवत नाही.

काडतुसात चार वस्तू असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की तीन वस्तू संपतात. पुंगळी तेवढी उरते, आणि चारांत सहसा तीच महाग असते. म्हणून ती तपासायची, दाबयंत्रात घालून पूर्ववत मापाची करायची, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, दारू भरायची, गोळी दाबायची. पुंगळीच्या बुडाला मधोमध एक छिद्र असेल तर जुना प्रायमर सुईनं सहज ठोकून काढता येतो. ही रचना बॉक्सर नावाच्या इंग्रजाची, आणि ती अमेरिकेत रुजली. दोन बारीक छिद्रांची, भरणाऱ्याला छळणारी दुसरी रचना बर्डन नावाच्या अमेरिकनाची, ती युरोपात गेली. आपल्याकडे हा छंदच नाही. घरी काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणं, आणि १९५९च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय त्याला थारा नाही. आपल्याकडे काडतुसं खडकीसारख्या कारखान्यात होतात, तळघरात नव्हे. आणि कोल्हापुरात तळघरं तरी कुठे असतात!

मी धातुशास्त्र शिकलेली. नोकरीही त्यातलीच. बंदुकीचं मला प्रेम नाही, आजही नाही. पण त्या बाकापाशी मी जवळजवळ अकरा वर्षं अधूनमधून बसले ते तिथल्या म्हणींसाठी. त्या बिरादरीत ज्ञान म्हणींतून फिरतं. एक छापील पुस्तक असतं, दारू आणि गोळी बनवणाऱ्या कंपन्यांनी काढलेलं. त्यात कोणत्या गोळीमागे कोणती दारू किती ग्रेनपासून किती ग्रेनपर्यंत, याची कोष्टकं असतात. आणि पुस्तकाभोवती तोंडी परंपरेचं रान माजलेलं असतं.

माझी आजी एकाच दमात दोन गोष्टी सांगायची. लोणच्यात ओला चमचा घालू नये, आणि पाळीत लोणच्याला शिवू नये. दोन्हींचा सूर एक, धाक एक, न ऐकल्यास होणारी शिक्षाही एकच – बुरशी. त्यातली पहिली गोष्ट शंभर टक्के खरी आणि दुसरी शंभर टक्के खोटी, हे सुरावरून ओळखायची काही सोय नव्हती. बरणीच उघडून बघावी लागते. आम्ही बहिणींनी बघितली. लोणचं उत्तम राहिलं. आजीला सांगितलं नाही.

ग्रॅम्पांच्या म्हणींचंही तसंच. प्रायमरला तेलकट बोट लावू नये, ही पहिली. ती मला पटण्यासारखी होती. तेल कुठेही शिरतं आणि प्रायमरमधली ज्वालाग्राही चिमूट नाजूक असते. पण याच म्हणीचं दुसरं टोक म्हणजे, नको असलेले प्रायमर तेलात बुडवले की मरतात, मग खुशाल कचऱ्यात टाका. मी म्हटलं, बघू या. दहा प्रायमर रात्रभर तेलात ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावाच्या शेतावर, नुसत्या रिकाम्या पुंगळ्यांत बसवून, ना दारू ना गोळी, ग्रॅम्पांनी ते उडवले. आठ वाजले. म्हणजे प्रायमर जपायचा असेल तेव्हा तेल शत्रू आहे असं मानायचं, आणि प्रायमर मारायचा असेल तेव्हा मात्र तेलावर तसूभर विश्वास ठेवायचा नाही. एकच वाक्य एका कामाला खरं आणि दुसऱ्या कामाला घातक. ग्रॅम्पा म्हणाले, ही विधानं वकिलांना आवडतील.

पितळेच्या बाबतीत मात्र मी घरची होते. त्यांच्याकडे पुंगळ्या लख्ख करायच्या डझनभर युक्त्या होत्या. दळलेल्या मक्याच्या कणसांत घोळवणं, अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्यात घोळवणं, सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात बारीक पोलादी पिनांबरोबर फिरवणं. सायट्रिक अॅसिडचं ऐकून मला हसू आलं. देवघरातली समई आणि तांब्याचे गडू आमच्याकडे चिंचेनंच निघायचे, आम्लाला नाव निराळं, काम तेच. मी त्यांना सांगितलं, चिंच चालेल, पण फार वेळ ठेवू नका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, काडतुसाच्या पितळेत साधारण ७० ला ३०. आम्लात फार वेळ राहिलं की जस्त आधी सुटू लागतं आणि भांडं गुलाबी दिसतं. आई त्याला म्हणायची, समईला ताप आलाय.

पण बाकावर कोपऱ्यात एक डबी होती, घरातली पितळी कडी-कोयंडे चमकवायची. झाकण काढलं की डोळ्यांत पाणी येईल असा अमोनियाचा भपकारा. ग्रॅम्पा ती पुंगळ्यांना लावत. तीस वर्षं लावतोय, काही झालं नाही. तेव्हा मी त्यांना आपल्या पावसाळ्याची गोष्ट सांगितली.

इंग्रजांच्या हिंदुस्थानातली. पावसाळा आला की फौजेच्या हालचाली मंदावत आणि काडतुसं पागेत रचून ठेवत. पाऊस सरला, पेट्या उघडल्या की कितीतरी पुंगळ्यांना तडे गेलेले असत, विशेषतः जिथे गोळीभोवती पितळ आवळलेलं असतं तिथे. कुणी हात लावला नाही, कुणी बार काढला नाही, आणि धातू आपोआप चिरलेला. या रोगाला इंग्रजीत ऋतूचंच नाव पडलं, ते आजही धातुशास्त्राच्या पुस्तकांत आहे. म्हणजे आळ आला पावसाळ्यावर. खरं कारण मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ साली मांडलं. थंड पितळ ओढून-दाबून पुंगळी घडवताना धातूत ताण अडकून राहतो. त्या ताणलेल्या पितळेला दमट हवेत अमोनिया भेटला की तडा जातो. आणि पागेत अमोनिया कुठून येणार? घोड्यांच्या मुतातून. उपाय साधा निघाला. पुंगळी घडवल्यावर तिला बेतानं ताव द्यायचा, म्हणजे अडकलेला ताण सुटतो.

ही गोष्ट मला फार प्रिय आहे. ऋतूला दोष देणारे शिपाई मूर्ख नव्हते. दर वर्षी पाऊस येत होता, दर वर्षी तडे जात होते. त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. पावसानं हवा दमट केली, एवढा त्याचा हातही होता. फक्त पाऊस आणि तडा यांच्यामध्ये एक घोडा उभा होता, तो कुणाला दिसला नाही.

ग्रॅम्पांनी ती डबी उचलून वरच्या मजल्यावर दाराच्या मुठींसाठी नेऊन ठेवली. ताव द्यायच्या बाबतीत मात्र आमची जुंपली. वारंवार वापरून पुंगळीची मान कडक होते, मग तिला ज्योतीवर धरून मऊ करतात. ग्रॅम्पा म्हणत, तापवून लगेच पाण्यात टाकली तरच ती मऊ होते. मी म्हटलं, ते लोखंडाच्या अनुभवावरून पितळेवर लादलेलं आहे, आणि तेही उलटं, कारण पोलाद तापवून पाण्यात टाकलं की कडक होतं. पितळेला थंड कसं केलं यानं फरक पडत नाही. पाण्याचा उपयोग एवढाच की उष्णता बुडापर्यंत उतरत नाही. बूड मऊ पडलं तर मात्र खेळ खलास, कारण सगळा दाब तेच पेलतं. आबा सोन्याची तार भोकांच्या पट्टीतून ओढताना मधूनमधून ताव द्यायचे, कधी पाण्यात बुडवायचे, कधी नुसतं ठेवून चहा प्यायचे. तार दोन्ही वेळा सारखीच ओढली जायची. ग्रॅम्पांनी ऐकून घेतलं आणि पुंगळी पाण्यातच टाकली. मी म्हटलं, चालू दे. ज्या समजुतीनं नुकसान होत नाही तिच्यावर किती भांडायचं?

पण एका गोष्टीत मी भांडायला नको होतं, असं मला अजून वाटतं.

त्यांची एक वही होती. तीस वर्षांची. प्रत्येक पानावर दारूचं वजन, गोळी, तारीख, हवा, आणि कागदी लक्ष्याचा तुकडा चिकटवलेला, त्यावर तीन भोकं. तीन गोळ्या झाडायच्या, भोकं किती जवळ पडली ते मोजायचं. मग दारू थोडी वाढवून पुन्हा तीन. जिथे भोकं सगळ्यांत जवळ, ते त्या बंदुकीचं मनपसंत वजन. या पद्धतीवर लोकांची हयात जाते. ग्रॅम्पा वही उघडून म्हणायचे, हिला एवढंच आवडतं, यापेक्षा दशांश जास्त झालं की रुसते. बंदूक त्यांच्या बोलण्यात कायम बाई असायची.

तीन म्हणजे काय? नाणं तीनदा उडवलं आणि तिन्ही वेळा छापा आला, तर आपण नाण्याला छाप्याची आवड आहे म्हणत नाही. तीच बंदूक, तीच दारू, काहीही न बदलता तीन-तीन गोळ्यांचे गट झाडत राहिलं, तर एक गट कवडीएवढा येईल आणि दुसरा त्याच्या दुप्पट. दहा गोळ्या झाडल्या तर तोच पसारा तीनच्या गटाच्या सरासरी दीडपटीहून मोठा दिसेल. बंदूक रुसलेली नसते. मी हे कागदावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, गणित तुझं, बंदूक माझी.

म्हणून मी लबाडी केली. आम्ही दोघांनी बसून चाळीस काडतुसं भरली, सगळी एकसारखी. मी ती दोन डब्यांत वाटली, एकावर क लिहिलं, दुसऱ्यावर ख, आणि त्यांना सांगितलं की ख मध्ये दारू दोन दशांश कमी आहे. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती, पण अक्षरांचा आकार ते नीट ओळखू लागले. शेतावर तीन-तीनचे गट झाले. ख जिंकला. ग्रॅम्पांनी त्याची कारणंही सांगितली, दारू कशी सावकाश जळते, नळी कशी कमी थरथरते. कारणं इतकी सुंदर होती की क्षणभर मलाच वाटलं, आपण खरंच दोन दशांश कमी भरली की काय.

ट्रकपाशी मी खरं सांगितलं. ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. बराच वेळ हातातल्या कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग माझ्या वहीचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीस वर्षांच्या शनिवार सकाळी त्या वहीत होत्या, आणि त्यातल्या निम्म्या कशालाही सिद्ध करत नव्हत्या. घरी येताना कुणीच बोललं नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी मला बोलावलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी फोन आला, "दहाचे गट झाडतोय. गोळ्या फार लागतात. तू पैसे देणार आहेस का?"

१ ऑगस्ट २०२४ ला आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा मी पेढ्यांऐवजी मिळाली ती बर्फी घेऊन खाली गेले. कोल्हापूरचं नाव त्यांना ओळखीचं होतं, कारण २०१० साली म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली तेव्हाची कथा मी त्यांना ऐकवलेली. त्यांचा पहिला प्रश्न, तो काडतूस कसं भरतो? मी म्हटलं, भरतच नाही. त्या प्रकारात पॉइंट टू-टू लागतं, त्याचा प्रायमर पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, ती एकदा वाजली की संपली. तिथे पट्टीचे नेमबाज काय करतात, तर कारखान्याचे वेगवेगळे घाणे आपल्याच रायफलीत झाडून बघतात आणि जो जुळेल तो घाणा साठवून ठेवतात. "किती झाडतात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तीन नाही. त्यांनी बर्फीचा दुसरा तुकडा घेतला.

जिवावर बेतणाऱ्या समजुती वेगळ्या. पुस्तकातले आकडे वकिलांनी घाबरून कमी केलेत, ही त्यातली पहिली. जुन्या आवृत्तीत जास्तीत जास्त वजन अधिक होतं आणि नव्यात कमी झालंय हे दिसतं, आणि माणूस जुन्यावर विश्वास ठेवतो. पूर्वी दाब मोजायचा तर तांब्याचा लहानसा दंडगोल किती चेपला ते बघत. आता विद्युत संवेदक दाबाचा क्षणाक्षणाचा आलेख काढतात, आणि चेपलेल्या तांब्याला न दिसलेली शिखरं त्यात दिसतात. थर्टी-ओ-सिक्स या काडतुसाला अमेरिकेत मान्य असलेला कमाल सरासरी दाब ६०,००० पौंड प्रति चौरस इंच आहे. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो साधारण १५ ला. चार हजार पट. तो दाब डोळ्यांपासून वीतभर अंतरावर, आणि ग्रॅम्पा तो ओळखत झाडलेल्या प्रायमरचं तोंड किती चपटं झालं त्यावरून. प्रायमरची वाटी एका कंपनीची मऊ, दुसरीची कडक. सारख्याच दाबाला एक चपटी होते, दुसरी नाही. आणि जेव्हा खूण नक्की दिसते, तेव्हा आपण मर्यादा कधीच ओलांडलेली असते.

दुसरी समजूत, कमी भरलं की धोका नाही. गोळी नळीतच अडकली आणि मागून दुसरी झाडली तर नळी फाटते. काही दारूंच्या बाबतीत, उदाहरणार्थ विंचेस्टर २९६ किंवा हॉजडन ११०, बनवणारेच बजावतात की दिलेल्या आकड्यापेक्षा तीन टक्क्यांहून खाली जाऊ नका.

आणि तिसरी, ती कुठल्याच पुस्तकात समजूत म्हणून नोंदलेली नाही. आजवर काही झालं नाही.

ती मोडली एका मार्चमध्ये. थर्टी-एट स्पेशलच्या पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या खाचांत उभ्या होत्या. हे काडतूस १८९८ चं, काळ्या दारूच्या दिवसांतलं. ती दारू जागा फार खायची, म्हणून पुंगळी मोठी. आताची दारू चिमूटभर लागते आणि पुंगळी तळाशीच थोडी भरते. चुकून दुप्पट भरली तरी वर मोकळी जागा राहते, गोळी बिनतक्रार बसते. ग्रॅम्पा ओळीनं दारू घालत होते, मी स्टुलावर बसून मुलीच्या शाळेचं काहीतरी सांगत होते. वर फोन वाजला. ते गेले, आले, पुढे भरू लागले. शेवटी सवयीप्रमाणे टॉर्च घेऊन एकेका पुंगळीत डोकावले. तिसऱ्या रांगेत हात थांबला. मला जवळ बोलावलं. एकोणपन्नास पुंगळ्यांत दारू एका पातळीवर होती, आणि एकीत तिच्या दुप्पट.

त्यांनी ती एकच रिकामी केली नाही. सगळ्या पन्नास ओतून टाकल्या. खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मी तीस वर्षं टॉर्चनं बघतोय. पहिल्यांदा काहीतरी दिसलं." त्या दिवसानंतर दोन बदल झाले. त्यांनी थर्टी-एटसाठी अशी फुगीर दारू घेतली की दुप्पट पडली तर पुंगळीतून ओसंडून बाकावर सांडेल. आणि वजन चालू असताना मी बोलायचं बंद केलं. आबा शिष्ट नव्हते हे मला तिथे कळलं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी.

गेल्या शरदात ग्रॅम्पा लेकीकडे अॅरिझोनात राहायला गेले. बाक आवरायला मी मदतीला होते. दाबयंत्र, साचे, काटा हे सगळं भावाच्या नातवानं नेलं. वही त्यांनी स्वतःच्या बॅगेत ठेवली. फळीच्या मागे एक डबा सापडला, चिठ्ठी निघून गेलेला, पाऊणभर. ग्रॅम्पांनी झाकण उघडून वास घेतला, थोडी दारू तळहातावर घेतली. काळसर चकत्या, मधूनमधून लाल ठिपके. लाल ठिपके एका ठरावीक दारूत ओळखीसाठी घालतात. "तीच आहे," ते म्हणाले, "मला शंभर टक्के माहीत आहे." नातवानं हात पुढे केला.

ग्रॅम्पांनी झाकण लावलं आणि डबा काखेत मारला. आम्ही सगळे शेतावर गेलो. मोकळ्या, ओल्या जमिनीवर त्यांनी ती दारू बोटभरही जाड होणार नाही अशी लांब ओळीत पसरली, टोकाला वळलेल्या कागदाची लांब वात ठेवली आणि पेटवून मागे आले. माझी मुलं कानात बोटं घालून उभी होती. पिवळी ज्योत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरसरत गेली, जरा मोठा फुसकन आवाज झाला, आणि विझली.

"एवढंच?" धाकटी म्हणाली.

"एवढंच," ग्रॅम्पा म्हणाले आणि रिकामा डबा बुटाखाली चेपू लागले.